रांगेतली शेवटची

नायला बसली नाही. बारा वाजता आली, मला मिठी मारली आणि पाठीवरची पिशवी न काढताच फ्रिजला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, "बस की गं, खुर्च्या काय शोभेला ठेवल्यात?" तर म्हणाली, "गाडीत बसूनच आलेय आजी. पाय मोकळे करते."

तिचं कॉलेज इथून पंचवीस मैलांवर. पंचवीस मैलांत विसाव्या वर्षी पाय आखडत नाहीत. माझे त्र्याऐंशीत आखडत नाहीत.

एप्रिलचा पहिला शनिवार होता. या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं एकच बेत असतो. तळलेली कोंबडी, डुकराचं हाड घालून शिजवलेला कोलार्डचा पाला, मक्याचा पाव, लोण्याचा केक. आणि चाळीस वर्षं त्याच बाया. १९८४ साली याच दिवशी माझी लेक योलांडा आणि तिच्या तिघी मैत्रिणी कॉलेजातल्या बहिणींच्या मंडळात दाखल झाल्या. त्याला सोरोरिटी म्हणतात, मी मंडळ म्हणते. शिकलेल्या काळ्या बायकांचं मंडळ. एकदा आत गेलं की मरेपर्यंत.

दाखल व्हायच्या आधी पोरींची रांग लागते, उंचीप्रमाणे. सगळ्यांत बुटकीचा पहिला नंबर. पहिली डेल्फीन, दुसरी चार्लसेटा, तिसरी मार्वा, आणि शेवटची ताडासारखी माझी योलांडा. शेवटचीला शेपूट म्हणायची पद्धत आहे. माझ्यासमोर कुणी म्हणत नाही.

योलांडाला जाऊन पाच वर्षं झाली. पोटात गाठ होती. शेवटचे सात महिने ती याच घरात, समोरच्या खोलीत होती. माझ्या दोन मुलांनी शिकागोहून फुलं पाठवली. या तिघींनी अंथरुणं धुतली. मार्वा नर्स होती, ती रात्रपाळी करून सकाळी इथं यायची. चार्लसेटा शाळेची मुख्याध्यापिका, तिनं बिनपगारी रजा टाकली. डेल्फीन रोज संध्याकाळी येऊन योलांडाच्या पायांना तेल चोळायची आणि एकदाही माझ्यादेखत रडली नाही. म्हणून मंडळाला कुणी नावं ठेवली तर मी ऐकून घेत नाही. म्हणजे तोवर घेत नव्हते.

योलांडाचा मंडळाचा मोरपंखी कोट दर वर्षी या दिवशी चौथ्या खुर्चीच्या पाठीवर घालतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये नायला मंडळात दाखल होणार होती आणि तो कोट तिच्या अंगावर चढणार होता. आई गेली तेव्हा पोर पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून तिनं दुसरं काही मागितलं नाही.

तिघी आल्या. नेहमीसारख्या दारातूनच उंचीप्रमाणे, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून, गात. साठीच्या बाया! चार्लसेटाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी ठेका चुकत नाही.

जेवायला बसलो. नायला म्हणाली, मी वाढते. वाढून झाल्यावर थाळी हातात घेऊन उभ्यानंच खायला लागली.

"मिस व्हर्लीन," चार्लसेटा म्हणाली, "या वर्षी कोंबडी जरा खारट झालीय का हो?"

"चार तुकडे पोटात गेले, आता आठवलं होय तुला?"

"पाचवा मी पाल्याखाली लपवलाय," मार्वा म्हणाली, "नाहीतर तोही गेला असता. मग म्हणाली असती, कमी शिजलाय."

सगळ्या हसल्या, नायलाही. आणि हसता हसता तिनं काटा उचलला. काटा थाळीतून सरळ वर गेला, तोंडाच्या उंचीला थांबला, मग आडवा आत. पुन्हा सरळ वर, पुन्हा आडवा. काटकोनात. तिला कळतही नव्हतं आपण काय करतोय ते.

मार्वाचा हात पावावर तसाच राहिला. चार्लसेटानं चघळायचं थांबवलं. डेल्फीन आपल्या थाळीकडे बघत राहिली. तिघींनी तसंच खाल्लं होतं, चाळीस वर्षांपूर्वी, रांगेत असताना. तसं खाल्लं नाही तर फळी बसायची. लाकडी फळी, हातभर लांब, मंडळाची अक्षरं कोरलेली. पण ते सगळं मंडळाच्या मोठ्या ऑफिसनं कधीचंच बंद केलंय. आता तीन दिवसांचा वर्ग असतो, सही असते, समारंभ असतो. कागदावर रांगच नाही.

आता मी जे सांगणार आहे ते त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. १९८४ साली, दाखल व्हायच्या आदल्या रविवारी, योलांडा पांढरा झगा न्यायला घरी आली. मी इस्त्री करत होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. 'बस,' म्हटलं. 'नको आई, पाय मोकळे करते.' हेच शब्द. मग काहीतरी उचलायला वाकली आणि मला तिच्या मांड्यांची मागची बाजू दिसली. वांग्याच्या रंगाची.

मी पाहिलं आणि इस्त्री चालू ठेवली.

मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. याच स्वयंपाकघरात गरम फणीनं लोकांच्या बायकांचे केस सरळ करून मी तिला कॉलेजात घातलं होतं. त्या मंडळातल्या मोठमोठ्या बाया माझ्यापुढं मान खाली घालून बसायच्या आणि उठल्यावर माझं नाव विसरायच्या. माझी पोर त्यांच्यात बसलेली मला बघायची होती. म्हणून त्या झग्यावर मी एक चुणी राहू दिली नाही.

"नायला," मी म्हटलं, "बस."

"आजी, खरंच मी..."

"या घरात मी दोनदा बोलत नाही."

ती खुर्चीच्या कडेवर एका बाजूनं टेकली. ओठ आत घेतले. कपाळावर घाम आला.

मार्वा उठली. "उभी राहा बाळ. मागं वळ."

"जिन्यावरून पडले मावशी."

"बत्तीस वर्षं नर्स होते मी. जिन्यावरून पडलेलं माणूस दोन्ही मांड्यांवर मोजून सारखं पडत नाही."

डेल्फीन उठली. बुटकी बाई, पण उठली की खोली गप्प होते. गेली तीस वर्षं ती त्या कॉलेजातल्या शाखेची सल्लागार होती. "कोण?" ती म्हणाली. "नावं सांग."

आणि नायलानं टाचा जुळवल्या. नजर डेल्फीनच्या डोक्यावरून भिंतीवर नेली. "माझ्या रांगेबद्दल बोलायची मला परवानगी नाही, थोरल्या ताई."

थोरल्या ताई! रांगेतल्या पोरीनं मंडळवालीला असंच म्हणायचं असतं. पण जिनं तिला सायकल शिकवली, गोवराच्या वेळी मांडीवर घेऊन बसली, ती डेल्फीन मावशी.

"मी जानेवारीत नायलासकट या वर्षीच्या चौघी पोरींपुढं उभी राहून सांगितलं होतं," डेल्फीन आमच्याकडे वळून म्हणाली. तिचा आवाज फाटला. "कुणी बोट जरी लावलं तरी मला फोन करा. सह्या घेतल्या होत्या."

"आणि आपल्या वेळच्या गोष्टी सांगितल्या नव्हत्यास?" मी म्हटलं. "फळीच्या? या टेबलावर दर वर्षी सांगतेस. हसत, मांडीवर थाप मारून. ही पोर चार वर्षांची असल्यापासून टेबलाखाली बसून ऐकत आलीय. सही तिनं तुझ्या कागदावर केली, शिकली मात्र इथं."

"मिस व्हर्लीन, तसं नका म्हणू," चार्लसेटा हळूच म्हणाली. "वाईट होतं, कबूल. पण ते सोसलं म्हणूनच आम्ही बहिणी झालो."

"मारानं बहिणी होत असत्या तर तुरुंगात सगळे सख्खे भाऊच निघाले असते. योलांडाचं अंथरूण कुणी धुतलं? फळी आली होती धुवायला?"

नायलानंच तोंड उघडलं. आता ती पुन्हा आमची नायला होती, रडकुंडीला आलेली. "उद्या संपतंय गं सगळं. फक्त आजची दुपार राहिलीय. तीनला मला परत जायचंय, तेवढीच सुट्टी दिलीय. डेल्फीन मावशी, तू फोन केलास तर शाखा बंद होईल. आम्ही चौघी बाहेर. मला आईचा कोट हवाय. एक दुपार. तू सोसलंस ना? आईनं सोसलं ना?"

डेल्फीननं फोन काढला. हातात धरला. अंगठा हलेना. ना नवरा, ना लेकरू. दर वर्षी दाखल होणाऱ्या त्या पोरी एवढाच तिचा संसार. तो स्वतःच्या हातानं मोडायचा होता. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"मी निघते," नायला म्हणाली.

"जा. पिशवी इथं राहील." मी तिच्या पाठीवरची पिशवी धरून ओढली. म्हातारीच्या हातात जोर नसतो असं वाटलं असेल तिला. पट्टा निसटला, तोंड उघडलं आणि सगळं टेबलावर सांडलं. चार फोन, किल्ल्यांचे चार जुडगे, केसांच्या पिना, मलमाची ट्यूब, आणि दम्याचा एक निळा पंप.

रांगेतल्या शेवटचीनं सगळ्यांचं सामान वाहायचं. तेव्हाही हाच नियम होता.

मार्वानं पंप उचलला. "हा कुणाचा?"

नायलाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "केटुराचा. पहिला नंबर. पिशवी नेहमी माझ्याकडेच असते. पण मी नेहमी तिथंच असते. आज पहिल्यांदाच सुट्टी मिळाली. माझ्या लक्षातच..."

"शेवटचा दम कधी लागला होता तिला?"

"काल. दोनदा."

"आणि आता काय करून घेताहेत?"

"उठाबशा. पळायचं, मग उठाबशा. आत खूप धूळ आहे मावशी. कापसाची."

"कुठं?" डेल्फीन म्हणाली. "पत्ता सांग."

फोन करून विचारावं तर चौघींचे फोन आमच्या टेबलावर, कोंबडीच्या हाडांशेजारी. नायलानं घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या कोटाकडे. रांगेची जागा बाहेरच्यांना सांगणं म्हणजे रांग मोडणं. मोडणारीला पुन्हा कुणी जवळ करत नाही. हे तिला ठाऊक होतं, आम्हालाही. मला तिला हलवून, थोबाडीत मारून तो पत्ता काढावासा वाटत होता. मी ॲप्रन चुरगाळत उभी राहिले. एवढं मला कळत होतं की हे तिनंच करायला हवं.

तिनं कोटावरची नजर काढली.

"बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागं. पत्र्याचं गोदाम."

ते माझ्या घरापासून आठ मैल. मार्वानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी नदीपलीकडे गेलीय, चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. डेल्फीन तोवर गाडीत बसलीसुद्धा होती. "मिस व्हर्लीन, तुम्ही थांबा घरी," चार्लसेटा म्हणाली. मी काठी घेतली आणि पुढच्या सीटवर बसले. चाळीस वर्षांपूर्वी घरीच थांबले होते.

गाडीत मागं नायला गुडघ्यांवर उभी होती, सीटच्या पाठीला धरून. पंप मुठीत. डेल्फीननं दोन्ही लाल दिवे तोडले, आणि ही बाई चर्चच्या आवारातसुद्धा सिग्नल देऊन वळते.

गोदामातून मोठ्यानं गाणी ऐकू येत होती. सरकतं दार आतून बंद. डेल्फीननं दोन्ही मुठींनी पत्रा बडवला. "मी डेल्फीन रकर! तुमची सल्लागार! दार उघडा!"

गाणी थांबली. आत कुजबुज झाली, मग काहीच नाही. आमच्या आवाजानं दार उघडण्याऐवजी जास्तच बंद झालं. घाबरलेल्या पोरी अशाच असतात, श्वास धरून बसतात. आणि आत एक पोर अशी होती की तिला धरायला श्वासच नव्हता.

"बाजूला व्हा," नायला म्हणाली. "तुम्हाला नाही उघडणार." तिनं आम्हाला भिंतीकडे ढकललं. मग दारावर तीन थापा मारल्या, थांबली, आणि एक.

"कोण?"

"चौथा नंबर, थोरल्या ताई."

"बाहेर कोण बाई ओरडत होती?"

"गेली. मी तिला जिनिंगच्या ऑफिसकडे पाठवलं. पिशवी आणलीय."

कडी सरकली. दार वीतभर उघडलं आणि मी काठी आत घातली. दारात खोट्या पापण्यांची एक पोरगी होती. म्हणाली, "बाई, हे खासगी आहे."

"खासगी तुझ्या बापाचं. सरक."

आत अंधूक उजेड होता. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. चार-पाच थोरल्या ताया कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या, एकीच्या पायाशी फळी पडलेली. आणि समोर भिंतीशी रांग. तिघीच, उंचीप्रमाणे. तिसरीचा हात दुसरीच्या खांद्यावर, पण दुसरीचे दोन्ही हात पहिलीच्या काखेत. पहिली म्हणजे केटुरा, एवढीशी पोर, मान पुढं पडलेली. ओठ राखेसारखे. त्या दोघींनी तिला उभी धरली होती.

"आम्ही तिला खाली बसू दिलं नाही," तिसरी म्हणाली. तिचे दात वाजत होते आणि चेहऱ्यावर, देवाशपथ, अभिमान होता. "पहिली बसली की रांग मोडते. आम्ही मोडली नाही."

"बसवा तिला!" मार्वा ओरडली.

नायला धावली. फरशीवर फतकल मारून बसली, केटुराला पुढ्यात ओढून तिची पाठ आपल्या छातीला टेकवली. ज्या पोरीला माझ्या गादीच्या खुर्चीवर टेकवत नव्हतं, ती नुसत्या सिमेंटवर बसली आणि तिच्या तोंडातून हूं नाही आलं. मार्वानं पंप तोंडात धरला. एक. "आत ओढ बाळ." काही नाही. दुसरा. छाती हलत होती पण आवाज नव्हता, शिट्टीसुद्धा नव्हती. मार्वाच्या मानेवरची शीर मला दिसत होती. तिसरा. चौथा.

मग शिट्टी आली. बारीक, किटलीतून येते तशी.

"येऊ दे," मार्वा म्हणाली. "आवाज येतोय ते चांगलं आहे. आणखी."

ॲम्ब्युलन्स आली तोवर केटुरा डोळे उघडून आमच्याकडे बघत होती. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तिनं नायलाचा हात सोडला नाही, म्हणून नायलालाही घेऊन गेले. दुसरी आणि तिसरी दारात उभ्या राहिल्या, अजून पुढं-मागं, उंचीप्रमाणेच. चार्लसेटानं दोघींना गाडीत नेऊन बसवलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "पाणी प्या. पोलिस येतील. जे झालं तेच सांगायचं, एक शब्द कमी नाही."

डेल्फीन बाहेर पायरीवर बसली होती. फोन मांडीवर. मी काठी टेकत शेजारी बसले.

"मी सगळ्यांत लहान होते," ती म्हणाली. "माझ्या वाटचे फटके योलांडा मागायची. म्हणायची, तिचे मला द्या, माझ्यात जागा जास्त आहे. त्यावर आम्ही हसायचो. मी अजून हसते, मिस व्हर्लीन. ती गोष्ट मी हसून सांगते."

माफी मागायची मला सवय नाही. माझ्या नवऱ्यानं सत्तावीस वर्षं वाट पाहिली आणि तसाच गेला. पण त्या पायरीवर मी तिला इस्त्रीची गोष्ट सांगितली. तिच्याकडे न बघता, एका दमात.

"तिला माहीत होतं," डेल्फीन म्हणाली. "तुम्ही पाहिलं ते. तेव्हाच सांगितलं होतं तिनं आम्हाला. म्हणाली, आईनं पाहिलं आणि काही बोलली नाही, म्हणजे चालतं."

मी आजवर खूप बोलणी खाल्ली आहेत. हे सगळ्यांत जड होतं.

"लाव फोन," मी म्हटलं.

तिनं मोठ्या ऑफिसला फोन लावला. शाखेचं नाव सांगितलं, जागा सांगितली, मग स्वतःचं नाव सांगितलं, दोनदा, अक्षरन् अक्षर. आवाज हलला नाही.

शाखा बंद झाली. चौघी पोरींना मंडळाची दारं मिटली. डेल्फीनलाही काढलं, तीस वर्षांचा निरोप एका पानाच्या पत्रात आला. फळीवाल्या दोघींवर खटला चालू आहे, मी साक्ष दिली. वकिलानं विचारलं, शिक्षण किती? मी म्हटलं, फळी ओळखण्यापुरतं.

नायला डेल्फीनशी बोलणं टाकून बसली. म्हणायची, "आठ मिनिटं फोन हातात धरून उभी होती ती, आजी. मी घड्याळ बघत होते." माझी तर चाळीस वर्षं गेली होती.

यंदा एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी बेत केला. येईल ते येईल. तिघी आल्या, या वेळी न गाता. मागोमाग नायलाची गाडी आली आणि त्यातून चार पोरी उतरल्या. केटुरा सगळ्यांत पुढं, पंप गळ्यात दोरीनं बांधलेला, तोंडाचा पट्टा सुरू. "आजी, कोंबडीचा वास रस्त्यापर्यंत येतोय! मला मांडीचा तुकडा हं, आधीच सांगून ठेवते."

कोट कपाटातच होता. नायलानं विचारलं, कुठंय. मी म्हटलं, "आहे. तो तुझ्या आईचा आहे." तिनं मान हलवली, पुन्हा विचारलं नाही. चौथ्या खुर्चीकडे तिनं एकदा बघितलं.

जेवताना डेल्फीननं सवयीनं तोंड उघडलं, "आमच्या वेळी..." आणि थांबली. टेबलावर काटे थांबले. ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "आमच्या वेळी योलांडा मला गाडी शिकवायची. मी तिची गाडी तळ्यात घातली. मिस व्हर्लीनना आजवर वाटतंय, ब्रेक निकामी झाला होता."

"काय?" मी म्हटलं.

केटुराला हसता हसता ठसका लागला, सगळ्या पंपाकडे धावल्या, ती हातानं नको नको करत राहिली. नायला हसली नाही. पण तिनं केकची थाळी उचलली आणि डेल्फीनच्या पुढं ठेवली.

"पाय दुखले असतील तुझे वाढून," मी तिला म्हटलं.

तिनं आईची खुर्ची ओढली आणि बसली. पुरती टेकून.